शेवटी ‘एबल’ आलं की काय समजायचं?



मागच्या महिन्यात बैठकीत एका ताईंनी कर्जाचा फॉर्म दाखवला. एजंटने आधी फी घेतली, कर्ज काही आलंच नाही. पैसे परत मागितले तर म्हणाला, “फॉर्मवर लिहिलंय ना, नॉन-रिफंडेबल!” मिरचीच्या सौद्यात पैसा न् पैसा मोजून घेणारी आपली ताई, एका शब्दापायी गप्प बसली.

इंग्रजी शब्दाच्या शेवटी ए, बी, एल, ई ही चार अक्षरं दिसली की बहुतेक वेळा अर्थ होतो ‘तसं करता येण्याजोगं’. आपण पिण्याजोगं पाणी म्हणतो ना, तसंच. वॉशेबल म्हणजे धुता येणारं. रिचार्जेबल बॅटरी, पुन्हा चार्ज होणारी. रिफंडेबल म्हणजे परत मिळणारे पैसे, आणि पुढे ‘नॉन’ लागला की परत न मिळणारे. नॉन-ट्रान्सफरेबल पास दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही. (टेबल आणि केबल या घराण्यातले नाहीत बरं का!)

‘पेएबल’ मात्र फसवा. ‘भरता येतील’ असा त्याचा अर्थ नाही, ते द्यायचेच असतात. पण कुणी कुणाला? हप्त्याच्या कागदावर ‘पेएबल ३,२००’ असेल तर तेवढे आपण भरायचे. मुदत ठेवीच्या पावतीवर हाच शब्द असेल तर ती रक्कम बँक आपल्याला देणार. म्हणून शब्द एकटा वाचू नका, कागद कशाचा आहे तेही बघा.

पुढच्या बैठकीला घरातली अशी एखादी पावती किंवा फॉर्म घेऊन या, सगळ्या मिळून वाचू.