भूछत्रांचा अभ्यास आणि पोटापाण्याचा प्रश्न

जंगलातली दुर्मिळ भूछत्रं शोधून त्यांच्या नोंदी करायच्या आहेत, असं बारावीतल्या मुलीनं सांगितलं की घरातून पहिला प्रश्न येतो: याला पगार कोण देणार? प्रश्न रास्त आहे. केवळ भूछत्रांच्या नोंदींसाठी नेमलेल्या कायम जागा देशात मोजक्याच आहेत, हे आधीच सांगून टाकतो. पण हे काम ज्या शास्त्रात मोडतं, त्या कवकशास्त्राची, म्हणजे बुरशींच्या शास्त्राची, गरज शेतीला आहे, औषधांना आहे, अन्नप्रक्रियेलाही आहे. म्हणून माझा सल्ला असा, की पोट भरणाऱ्या दारातून आत शिरा आणि भूछत्रं हे आपलं खास काम म्हणून पहिल्या वर्षापासून धरून ठेवा.

परभणीकरांना हे दार घराजवळच आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्र विभाग आहे. तुरीवरची मर, ज्वारीवरची काणी, हळदीची कंदकूज हे सगळे बुरशीमुळे होणारे रोग. त्यांच्यावर उपाय म्हणून वापरली जाणारी ट्रायकोडर्माही बुरशीच. विद्यापीठाचं बायोमिक्स हे जैविक मिश्रण हळद पिकवणाऱ्या घरांना नवं नाही. ट्रायकोडर्मा ओळखायला, वेगळी काढायला आणि वाढवायला शिकलेल्या हातांची भूछत्रांच्या अभ्यासाची अर्धी तयारी झालेली असते. सूक्ष्मदर्शक तोच आणि बीजाणू मोजण्याची शिस्तही तीच. बीएस्सी ॲग्री करायची नसेल, तर परभणीत किंवा जिंतूरला वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बीएस्सी करता येते. एमएस्सीला मात्र कवकशास्त्र नीट शिकवणारा विभाग शोधून जावं, भले घरापासून लांब असला तरी.

आता या कामाची गरज किती आहे ते पाहू. लंडनच्या क्यू उद्यानानं २०२३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगात बुरशीच्या सुमारे २५ लाख जाती असाव्यात. त्यांतल्या जेमतेम दीड लाखांना आजवर नाव मिळालं आहे. २०२५ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीतल्या बुरशींची संख्या १,३०० वर गेली आणि त्यांतल्या ४११ जाती धोक्यात असल्याचं सांगितलं गेलं. प्राणी आणि वनस्पतींच्या तुलनेत हा आकडा फारच लहान आहे, कारण मूळ नोंदीच कमी आहेत. एखादं भूछत्र दुर्मिळ आहे असं म्हणायला आधी ते कुठे, कधी, किती वेळा दिसलं हे कुणीतरी लिहून ठेवलेलं असावं लागतं. तसं लिहिलेलं नसेल, तर ते खरंच दुर्मिळ आहे की कुणी पाहिलंच नाही, हे सांगता येत नाही.

महाराष्ट्रात असं लिहून ठेवण्याची परंपरा आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर कवक संग्रहालय आहे आणि जिवंत बुरशींचा राष्ट्रीय संग्रहही तिथेच आहे. १९८७ मध्ये राज्यातल्या बुरशींची सूची पुस्तकरूपानं निघाली, तीही याच संस्थेच्या मातृसंस्थेकडून. पण अभ्यासकांची पावलं साहजिकच सह्याद्रीकडे जास्त वळली. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळी रात्री चमकणारी बुरशी आज पर्यटकांनाही ठाऊक आहे. मराठवाड्याच्या वाट्याला इतकं लक्ष आलेलं नाही.

परभणी जिल्ह्यात जंगल फार थोडं आहे, हे खरं. म्हणून सदाहरित जंगलातलं काम शिकायला सह्याद्रीतच जावं लागेल. पण सुरुवात जिंतूरच्या टेकड्यांवर, येलदरीच्या परिसरात, अगदी गावच्या शिवारातही होते. पावसाळ्यात वारुळांवर टर्मिटोमायसेस हे भूछत्र उगवतं. विदर्भात त्याला सात्या म्हणतात आणि गोव्यात लोक अळमी म्हणून ते आवडीनं खातात. वाळवीच्या सोबतीशिवाय ते वाढत नाही, त्यामुळे धिंगरी अळिंबीसारखी त्याची लागवड जमलेली नाही. वारूळ मोडलं की तेही गेलं.

नोंद करण्याची पद्धत मन लावून शिकावी. भूछत्र तोडण्याआधी जागेवरच त्याचा फोटो घ्यायचा: वरून, बाजूनं, टोपीखालच्या पात्यांचा, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग चाकूनं ते बुडासकट उकरून काढायचं, कारण बुडाशी असलेली पिशवी मातीतच राहिली तर ओळख चुकते. जवळचं झाड, माती, वास, तारीख, अक्षांश-रेखांश हे सगळं तिथेच वहीत लिहायचं. फिकट पडणारा रंग संध्याकाळी आठवत नाही. घरी टोपी कागदावर पालथी घालून रात्रभर झाकून ठेवली की बीजाणूंचा ठसा उमटतो. गवतात उगवणाऱ्या विषारी क्लोरोफायलम मॉलिब्डायटीसचा ठसा हिरवट येतो. उरलेला नमुना मंद उष्णतेवर वाळवून क्रमांकासह संग्रहालयात द्यायचा. त्यानंतर सूक्ष्मदर्शक, आणि मग डीएनएचा आयटीएस नावाचा भाग, जो २०१२ पासून बुरशींच्या ओळखीची प्रमाण खूण मानला जातो. जात नवी निघालीच, तर मायकोबँकसारख्या नोंदणीतून क्रमांक घेतल्याशिवाय तिचं नाव ग्राह्य धरलं जात नाही. २०१३ पासून हा नियम आहे.

आईवडिलांची एक भीती विषाची असते. भूछत्र हाताळल्यानं विषबाधा होत नाही, खाल्ल्यानं होते. अभ्यासाला आणलेलं काहीही चाखायचं नाही, आणि ठसा पाहून खाण्यायोग्य ठरवायचं नाही, हा नियम कडक पाळावा. जंगलात एकट्यानं जाऊ नये. अभयारण्यात वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय एकही नमुना उचलू नये.

पैशाचं गणित असं आहे. एमएस्सीच्या सुमारास नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली, तर २०२३ पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. म्हणजे पीएचडीचा भार घरावर पडत नाही. पण ही परीक्षा अवघड आहे आणि ती निघाली नाही तर काय, हेही आधीच ठरवा: जैविक खतं आणि बुरशीनाशकांच्या कंपन्या, अन्नतपासणीच्या प्रयोगशाळा, अळिंबी उत्पादन, कृषी खात्याच्या स्पर्धा परीक्षा. गावोगावच्या जैवविविधता समित्यांच्या लोक जैवविविधता नोंदवह्यांमध्येही असं काम नोंदवता येतं. त्यातून पगार नाही, पण शिकणाऱ्याला प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळतो.

एमएस्सी किंवा पीएचडीला प्रवेश घेण्याआधी होणाऱ्या मार्गदर्शकांना एक प्रश्न जरूर विचारा: तुमच्या विद्यार्थ्यांनी गोळा केलेले नमुने कोणत्या संग्रहालयात, कोणत्या क्रमांकानं जमा आहेत? ज्यांना हे क्रमांक दाखवता येतील, त्यांच्याकडे जा, विद्यापीठाचं नाव लहान असलं तरी. दाखवता आले नाहीत, तर दुसरा विभाग शोधा.