जुनी गल्ली आणि नवी वसाहत

गांव म्हणजे केवळ घरांचा समूह नव्हे. घरांना जोडणारे रस्तेहि गांवाचेच अवयव होत. ज्या काळीं जें वाहन, त्याच्याच मापानें त्या काळचे रस्ते आंखले जातात. हें तत्त्व ध्यानांत ठेवून आपण आपल्या शिरपुराकडे पाहूं या.

खानदेशांतील जुन्या गांवाचें माप माणसाचें पाऊल व बैलगाडी हें होतें. धाब्याचीं घरें एकमेकांस लागून, प्रत्येकापुढें ओटा आणि मधून अरुंद गल्ली. बाजार, देऊळ, विहीर सर्व हांकेच्या अंतरावर. ओट्यावर बसलेल्या वडील माणसांची नजर खेळणाऱ्या मुलांवर सहज राही. गल्ली वांकडीच हवी, असें मात्र नाहीं. धुळें येथें कॅप्टन ब्रिग्ज यांनीं १८१९ च्या सुमारास नवी पेठ सरळ रस्त्यांची वसविली. ती सुद्धां पायीं चालणारांचीच होती.

मोटारगाडी आली व माप बदललें. गांवाबाहेर शेतांचे प्लॉट पाडून ज्या वसाहती होतात, त्यांत रस्ते रुंद व घरें सुटीं असतात. हवा व उजेड मुबलक मिळतो, आगीचा बंब दाराशीं पोहोंचतो. हा लाभ लहान नव्हे. परंतु दुकान, शाळा व दवाखाना दूर जातात, आणि रुंद रस्त्यावर वेग वाढतो. वेग दुप्पट झाला म्हणजे आघाताची शक्ति चौपट होते. मोटार चालविण्याचा परवाना १८ व्या वर्षापूर्वीं मिळत नाहीं. म्हणजे अशा वसाहतींत बालक व वृद्ध हेच परावलंबी होतात.

यावर उपाय नाहीं काय? आपल्या आग्रा रोडवरच पुढें असलेल्या इंदूर शहराविषयीं पॅट्रिक गेडीस यांनीं १९१८ सालीं अहवाल लिहिला. जुनी वस्ती सरसकट पाडूं नये, मोडकळीस आलेलीं थोडींच घरें काढून तेथें मोकळी जागा करावी व झाडें लावावींत, असें त्यांचें मत होतें. अमेरिकेंतील रॅडबर्न येथें १९२९ मध्यें मोटारींचे रस्ते व पाऊलवाटा वेगळ्या ठेवल्या, जेणेंकरून मुलांना मोठा रस्ता न ओलांडतां शाळेस जातां यावें.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरापासून शाळेपर्यंत किती मिनिटें लागतात व वाहतुकीचे किती रस्ते ओलांडावे लागतात, हें एकदां मोजून पाहा. पांच मिनिटांत सुमारें ४०० मीटर चालणें होतें. पालकांनींहि प्लॉट घेतांना भावाबरोबर हा हिशेब करावा. ज्या रस्त्यानें बालक एकटें निर्भयपणें शाळेस जाऊं शकतें, तोच रस्ता चांगला, मग तो अरुंद असो वा रुंद.