स्तन-उन्नयन शस्त्रक्रिया : अपेक्षा आणि वास्तव

स्तनपानाने स्तन ओघळतात, हा समज आपल्या समाजात खोलवर रुजलेला आहे. वस्तुतः गर्भारपणांची संख्या, वाढते वय, वजनातील चढउतार व धूम्रपान ही त्याची मुख्य कारणे होत. तेव्हा या भीतीपोटी कोणत्याही मातेने बाळाला अंगावर पाजणे टाळू नये.

‘मास्टोपेक्सी’ या शस्त्रक्रियेत सैल त्वचा काढून स्तनाग्र वरच्या पातळीवर आणले जाते. ठेवण सुधारते, आकारमान मात्र वाढत नाही. व्रण राहतातच : स्तनमंडलाभोवती, बहुधा त्याखाली उभा, कधी खालच्या घडीत आडवा. ते फिके होण्यास वर्षभर लागते. स्तनाग्राची संवेदना बदलू शकते, पुढील स्तनपानात अडचण येऊ शकते. यास्तव अपत्ये झाल्यावर व वजन स्थिर असताना निर्णय घेणे श्रेयस्कर. धूम्रपान किमान ४ आठवडे आधी थांबवावे. चाळिशीनंतर मॅमोग्राफी करून घ्यावी. पुढे सुमारे ६ आठवडे ओझे उचलू नये.

वय थांबत नाही. म्हणून परिणामही चिरस्थायी नसतो. हे सारे शस्त्रक्रियेपूर्वीच स्पष्टपणे सांगणे हे वैद्याचे कर्तव्य, आणि निःसंकोच विचारणे हा रुग्णेचा अधिकार होय.