गाणं आवडलं ना, मग पैसे पोचव गं

अगं, किती प्रश्न एका दमात विचारलेस! ॲपवर गाणी ऐकली तर गाणाऱ्याला काही मिळतं का, फाईल विकत कुठून घ्यायची, यूट्यूबवरून उतरवून घेतलेलं चालतं का, दर महिन्याला खात्यातून कटणारे पैसे थांबवायचे कसे, जुना फोन टाकून नवा घ्यावा का. आणि शेवटी म्हणतेस, "ताई, मला आता काही ऐकायचं म्हटलं तरी अपराधी वाटतं." आधी घोटभर पाणी पी. घरातलं वायफाय तू लावतेस, बाबांचं यूपीआय तू सांभाळतेस, शेजारच्या काकूंचा फोन अडकला की त्या तुझ्याच दारात येतात. तुला न जमण्यासारखं यात काहीही नाही. फक्त सगळं एकाच दिवशी निस्तरायला बसू नकोस.

खरं सांगू का, जगातल्या प्रत्येक कंपनीचा हिशेब ठेवणं हे तुझं काम नाही. तुझं काम एवढंच: जी गाणी तू पुन्हा पुन्हा ऐकतेस, त्यांच्या माणसांपर्यंत थोडे पैसे पोचवायचे आणि ती गाणी स्वतःच्या ताब्यात ठेवायची. बाकीचं जमेल तसं.

आपण पेणची माणसं, आपल्याला हे नव्याने शिकवायला नको. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यात जाऊन गणपतीची मूर्ती घेतली की पैसे रंगानं माखलेल्या हातातच पडतात. तीच मूर्ती शहरातल्या दुकानातून घेतली की मधल्या प्रत्येक हाताचा वाटा निघतो आणि उरलेलं कारखान्यात येतं. गाणं घेतानाही एवढंच विचार, मधे हात किती?

आता ॲपचं बघ. तू महिन्याला भरतेस ते पैसे तू ऐकलेल्या गायकांत वाटले जातात असं तुला वाटतं ना? बहुतेक ठिकाणी तसं होत नाही. सगळ्यांची वर्गणी आणि जाहिरातींचे पैसे एका ढिगात जातात आणि एकूण ऐकल्या गेलेल्या गाण्यांमध्ये ज्याचा जेवढा हिस्सा, तेवढे त्याला मिळतात. म्हणजे महिनाभर तू फक्त एका कोळीगीतवाल्या मंडळाला ऐकलंस, तरी तुझे बरेचसे पैसे देशभर गाजणाऱ्या गाण्यांकडे वळतात. तेही आधी हक्क असलेल्या कंपनीकडे, मग करारात असेल तर कलाकाराकडे. स्पॉटिफायने तर २०२४ पासून असा नियम केला की वर्षभरात हजार वेळाही न ऐकल्या गेलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी नाही. गावातल्या नव्या पोरांना हा नियम केवढा जाचतो, विचार कर. म्हणून ॲप बंद कर असं मी म्हणत नाही हं. नवीन काय आलंय ते चाखायला ॲप छान आहे. पण एखादं गाणं मनात बसलं की तिथेच थांबू नकोस.

आणि पैशांबद्दल बोलायचा संकोच तर मुळीच धरू नकोस. साक्षात लताबाईंनी धरला नाही. साठच्या दशकात रेकॉर्डच्या विक्रीतला वाटा गायकालाही मिळाला पाहिजे म्हणून त्या उभ्या राहिल्या. मोहम्मद रफींचं मत वेगळं होतं, मानधन घेतलं की गायकाचा हक्क संपला असं ते मानत. एवढ्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं बंद ठेवलं. पुढे २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला आणि गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीचा हक्क पक्का झाला. तो हक्क आता कंपनीला लिहून देताच येत नाही, दिलाच तर वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत भांडले. तुझ्या ग्रुपमधला तो गाणी लिहिणारा मुलगा आहे ना, त्याला सांग: आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची सोसायटी १९६९ पासून आहे, तिचं सभासदत्व घे आणि सही करण्याआधी करार नीट वाच. कॅसेटच्या जमान्यात कितीतरी लोकगायक एकरकमी पैसे घेऊन मोकळे झाले. गाणी गावोगाव वाजली, पण त्यांच्या घरात पुन्हा काही आलं नाही.

मग विकत घ्यायचं कुठून? क्रम सांगते, लिहून घे. सगळ्यात आधी कलाकाराचं स्वतःचं पान बघ. तो स्वतः फाईल किंवा सीडी विकत असेल, तर तिथूनच घे. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या साइटवर असेल तर उत्तम. डिजिटल विक्रीवर ते १५ टक्के ठेवतात आणि पैसे वळते करण्याचा खर्च जाऊन साधारण ८२ टक्के कलाकार आणि त्याच्या लेबलकडे पोचतात. २०२० च्या मार्चपासून काही ठरावीक शुक्रवारी ते आपला वाटाही सोडतात, तेवढी तारीख हेरून ठेव. तीही कंपनीच आहे, २०२२ मध्ये एकदा आणि २०२३ मध्ये पुन्हा विकली गेली, तेव्हा अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यामुळे तिच्यावरही डोळे झाकून विसंबू नकोस, फाईल घे आणि उतरवून ठेव. पैसे भरताना कार्ड अडलं तर घाबरू नकोस. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहाराचं बटण असतं. मर्यादा छोटी ठेवून ते चालू कर, खरेदी झाली की लगेच बंद कर. बाजारात जुनी सीडी मिळाली तर तीही बिनधास्त घे. कलाकाराला नव्याने काही मिळत नाही, पण त्यात चोरीही नाही.

यूट्यूबवरून गाणं खेचून देणाऱ्या साइटचं विचारलंस, तर स्पष्टच सांगते, नको. नियमात बसत नाही हे एक, आणि त्या साइट काय काय फोनमध्ये घुसवतील याचा नेम नाही हे दुसरं. ज्या फोनवर बाबांची बँक आहे, त्यावर तर अजिबात नको.

आता "ताब्यात ठेव" असं का म्हणते ते ऐक. फ्लिपकार्टचं फ्लाईट नावाचं गाण्यांचं दुकान आठवतं का? तू लहान असशील. फेब्रुवारी २०१२ मध्ये उघडलं, २०१३ मध्ये बंद झालं. गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये गेलं, रेसो ॲप २०२४ च्या जानेवारीत आपल्याकडून गेलं, विंक ॲपही त्याच वर्षी. ज्यांनी फाईल उतरवून ठेवली, त्यांची गाणी राहिली. ज्यांच्या नुसत्या याद्या होत्या, त्यांना पुन्हा पहिल्यापासून जमवाजमव. आणि ३ जून २०२० चं निसर्ग वादळ तर आपल्याच जिल्ह्यावर आदळलं. वीज गेली, टॉवर मुके झाले, दक्षिणेकडच्या गावांत तर कितीतरी दिवस तसेच गेले. अशा वेळी चार्जिंग उरलेल्या फोनमध्ये जे भरलेलं असतं, तेच आपलं.

साठवायला जागा किती लागते म्हणून डोकं खाऊ नकोस. ३२० केबीपीएसची एमपीथ्री पाच मिनिटांची असेल तर सुमारे १२ एमबी. म्हणजे हजार गाणी १२ जीबीत बसली, ३२ जीबीचा पेनड्राइव्ह पुरून उरला. फ्लॅक, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळलेली फाईल, मिळत असेल तर मूळ प्रत तीच ठेव. जागा दुप्पट-तिप्पट खाईल, पण त्यातून पुढे हवी ती एमपीथ्री करता येते. एक प्रत लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी, मावशीकडे म्हण. आपल्याकडचा पावसाळा तुला ठाऊक आहे, पापडाचा डबा उघडा राहिला तर तासाभरात मऊ पडतो. हार्ड डिस्क, सीडी, आजोबांच्या कॅसेट हे सगळं हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून, जमिनीपासून उंच ठेव. आणि दर दिवाळीला ती डिस्क लावून दोन-चार गाणी वाजवून बघ. नुसती ठेवून दिलेली प्रत चालते आहे की नाही, हे लावल्याशिवाय कळत नाही.

गणपतीच्या व्हिडिओमागे आरतीचं रेकॉर्डिंग लावलं तर चालतं का, हा तुझा प्रश्न मला फार आवडला. बघ, गाण्यात हक्कांचे वेगवेगळे पदर असतात. शब्दांचा आणि चालीचा हक्क लिहिणाऱ्याच्या-बांधणाऱ्याच्या हयातीनंतर ६० वर्षं राहतो. रेकॉर्डिंगचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षं. समर्थ रामदासांची आरती, तुकोबांचे अभंग यांचे शब्द सगळ्यांचे आहेत. पण एखाद्या कंपनीने काढलेलं आरतीचं रेकॉर्डिंग त्या कंपनीचं असू शकतं. गीतरामायण १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर झालं, म्हणून ते मोकळं झालं असं समजू नकोस. त्याचे गीतकार गदिमा १९७७ मध्ये गेले, त्यांच्या शब्दांचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. संगीतकार बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, २००२ मध्ये गेले, त्यांच्या चालींचा २०६२ अखेरपर्यंत. तेव्हा घरच्या आरतीच्या व्हिडिओवर यूट्यूबने दावा लावला तर रडू नकोस. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच की जाहिरातीचे पैसे हक्कदाराला जातील. आणि सोपा उपाय घरातच आहे: मागे रेकॉर्ड लावूच नका, टाळ घ्या आणि आईचा, काकांचा, चिल्ल्यापिल्ल्यांचा आवाज येऊ दे. तो व्हिडिओ वीस वर्षांनी जास्त मोलाचा वाटेल.

दादाच्या हळदीला स्पीकर लावायचा तर परवाना लागेल का, म्हणून काका धास्तावलेत म्हणालीस. त्यांना सांग, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाच्या वरातीला आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना सूट आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने तसं जाहीर सूचनेतून पुन्हा स्पष्टही केलं. आवाजाचे आणि वेळेचे नियम मात्र वेगळे, ते पाळायचेच.

पण त्या हळदीत मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे. धवलारीण येईल ना? ती धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, म्हणायला लागली की दहा फोन वर होतात. संध्याकाळपर्यंत तिचा आवाज कुणाच्या तरी चॅनलवर चढलेला असतो, खाली नाव चॅनलवाल्याचं. अख्खं लग्न तिच्या तोंडपाठ असतं गं, हळदीपासून पाठवणीपर्यंत, पिढ्यान्पिढ्या ऐकून जपलेलं. ते शब्द परंपरेचे असतील, पण तो आवाज तिचा आहे. कायद्यानेही कलावंताला स्वतःच्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क दिलाय. तिला न विचारता केलेलं रेकॉर्डिंग बाजारात आणणं चूक आहे. म्हणून हे काम तू अंगावर घे. आधी तिच्याजवळ बसून विचार, "मावशी, रेकॉर्ड करू का? कुणाकुणाला ऐकवू?" घरापुरतं म्हणाली तर घरापुरतंच. इंटरनेटवर टाकायला हो म्हणाली तर तिचं नाव आणि गाव ती सांगेल तसं लिही, साडी-दक्षिणेशिवाय रेकॉर्डिंगचे पैसे वेगळे दे आणि एक प्रत तिच्या नातवाच्या फोनमध्ये भरून दे. परदेशी बँडच्या अल्बमला पैसे भरणारी मुलगी आपल्या अंगणातल्या गाणारणीला विसरली, तर त्या सगळ्या नीतीला अर्थ काय?

राहिले दोन छोटे प्रश्न. खात्यातून आपोआप कटणारे पैसे: यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी उघड, वापरात नसलेलं सगळं तिथूनच रद्द कर. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कटण्याच्या किमान २४ तास आधी संदेश यायला हवा, तो वाचायची सवय लाव. यातून जे वाचेल, तेच तुझं गाण्यांचं बजेट, वेगळे पैसे काढायला नकोत. आणि जुना फोन: बॅटरी दमली म्हणून फोन टाकायचा नसतो, बॅटरी बदलायची असते. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलंय, कंपन्यांची दुरुस्ती केंद्रं आणि वॉरंटीची माहिती तिथे मिळते. कुणी अडवलंच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. दुरुस्त झालेल्या त्या फोनमधून सिम काढ आणि त्याला घरचा गाण्यांचा डबा करून टाक. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र एकदाही चार्ज करायची नाही, फोन सरळ ई-कचऱ्यात द्यायचा.

तर आता असं कर. या रविवारी फक्त ऑटोपेची यादी साफ कर. पुढच्या रविवारी तुला सगळ्यात जवळची पाच गाणी निवड आणि त्यांतल्या एकाच कलाकाराला पैसे पाठव, एकालाच. तिसऱ्या रविवारी पेनड्राइव्ह भर. मधल्या काळात ॲपवर मनसोक्त ऐक, अपराधी वाटून घ्यायचं नाही, ही माझी सक्त ताकीद. गाणं ऐकून आनंद व्हावा म्हणूनच तर कुणीतरी ते गातं. आणि ती पाच गाणी कोणती निवडलीस ते मला कळव, त्यांतली दोन मीही विकत घेईन.