मोरोक्कन जेवणाच्या टेबलावर शिकूया हॉटेल व्यवसायाचे 5 धडे



खानावळ, छोटं हॉटेल किंवा घरगुती जेवणाचा व्यवसाय सुरू करायचं ठरलं की बरेच जण आधी दोनच कामं करतात: इंटिरिअरवाल्याला बोलावतात आणि 60 पदार्थांचं मेन्यूकार्ड छापतात. साठवलेले पैसे तिथेच संपतात. मग पहिल्या तीन महिन्यांचं भाडं, पगार आणि किराणा कुठून आणणार?

म्हणून आज आपण जाऊया मोरोक्कोतल्या मराकेश शहरात. तिथल्या जुन्या गावात 'रियाद' म्हणजे मधोमध अंगण असलेले वाडे आहेत. त्यातल्या कित्येक वाड्यांत आता रेस्टॉरंट चालतात. आपण तिथे जेवायला बसलोय असं समजा. फक्त बघायचं ग्राहकाच्या नजरेने नाही, मालकाच्या नजरेने.

धडा 1: वाट बघायला लावा, पण रिकाम्या टेबलावर नाही

पारंपरिक पद्धतीत आधी पितळी झारीने तुमच्या हातावर पाणी घालतात. मग लगेच ब्रेड आणि छोट्या छोट्या वाट्या येतात. भाजलेल्या वांग्याचं झालूक, ढोबळी मिरची-टोमॅटोचं तक्तूका, जिरं घातलेलं गाजर, ऑलिव्ह. टेबल भरून जातं.

आता मालक म्हणून बघा. हे सगळं भाजीचं आहे, आधी करून ठेवता येतं आणि गार किंवा कोमट वाढलं तरी चालतं. म्हणजे खर्च कमी, ऐनवेळची धावपळ शून्य. आणि मुख्य पदार्थाला वीस मिनिटं लागली तरी ग्राहक घड्याळ बघत नाही.

धडा 2: पदार्थ अनेक, सामान तेच

मुख्य पदार्थ म्हणजे ताजीन. हे मातीच्या भांड्याचंही नाव आणि त्यात शिजणाऱ्या पदार्थाचंही. झाकण शंकूसारखं उंच असतं. वाफ वर जाते, झाकणाला लागून थंड होते आणि पाणी होऊन परत खाली येते. त्यामुळे थोड्या पाण्यात, मंद आचेवर मटण मऊ शिजतं.

मेन्यूत चिकन-खारवलेलं लिंबू-ऑलिव्ह, मटण-सुका आलूबुखारा-बदाम, खिम्याचे गोळे-अंडी असे प्रकार दिसतात. पण कांदा, आलं, हळद, जिरं, दालचिनी, कोथिंबीर हे सामान बरंचसं तेच फिरत असतं. कोठीत माल कमी प्रकारचा, म्हणून नासाडी कमी. तुमच्या मेन्यूतल्या प्रत्येक पदार्थासमोर लिहा: "यासाठी असं कोणतं सामान आणावं लागतं, जे दुसऱ्या कशातच लागत नाही?" असं सामान जास्त निघालं, तर तो पदार्थ काढा.

धडा 3: खुर्चीचा हिशोब

असं जेवण दोन तास चालतं. मग परवडतं कसं? समजा तुमच्याकडे 24 खुर्च्या आहेत, वेळ संध्याकाळी 7 ते 11.

थाळी हॉटेल: 45 मिनिटांची एक फेरी, म्हणजे 5 फेऱ्या. 120 ताटं गुणिले 200 रुपये = 24,000 रुपये.

निवांत जेवण: 2 तासांची एक फेरी, म्हणजे 2 फेऱ्या. 48 ताटं. तेवढाच गल्ला हवा तर ताटामागे 500 रुपये घ्यावे लागतील.

48 ताटांना भांडी कमी, माणसं कमी. पण धोका कुठे आहे बघा. थाळीवाल्याची एक फेरी रिकामी गेली तर 4,800 रुपये बुडतात. निवांतवाल्याची एक फेरी गेली की 12,000, म्हणजे गल्ला थेट निम्मा! म्हणून निवांत जेवणाचा धंदा आगाऊ बुकिंगशिवाय करायचा नाही. तिथेही बऱ्याच ठिकाणी मटणाचा अख्खा खांदा हवा असेल तर एक दिवस आधी सांगावं लागतं. मालकाला आदल्या दिवशीच कळतं की किती माल आणायचा.

धडा 4: जे आहे ते वापरा

मराकेशचा खास पदार्थ म्हणजे तंजिया. सुरईसारख्या मडक्यात मटण, लसूण, जिरं, केशर, खारवलेलं लिंबू भरतात, तोंडाला कागद बांधतात आणि मडकं हमामच्या, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघराच्या भट्टीवाल्याकडे देतात. पाणी तापवायला भट्टी पेटलेलीच असते. तिच्या राखेत मडकं तासन्‌तास शिजतं. भट्टीवाल्याला थोडे पैसे मिळतात आणि स्वयंपाक करणाऱ्याचा इंधनाचा खर्च वाचतो.

तुमच्या गल्लीत दुपारनंतर थंड पडणारी बेकरीची भट्टी आहे का? सकाळीच बंद होणारं नाश्त्याचं दुकान आहे का? नवीन घेण्याआधी भाड्याने विचारा.

धडा 5: शेवटची आठवण स्वस्तात बनते

शेवटी पुदिन्याचा चहा. ग्रीन टी, ताजा पुदिना आणि भरपूर साखर. पण किटली उंच धरून छोट्या ग्लासात धार सोडतात, वर फेस येतो. टेबलावरचे सगळे बघत राहतात, फोटो काढतात. साहित्य साधंच, लागते ती वाढणाऱ्याची सवय. नक्षीच्या टाइल्सला लाखो रुपये लागतात, या धारेला लागतो सराव.

एक सावधगिरी

मराकेशच्या जमा अल-फना चौकात रोज संध्याकाळी खाण्याचे स्टॉल लागतात. तिथे न मागता ठेवलेला ब्रेड किंवा ऑलिव्ह बिलात लावले, अशी तक्रार काही पर्यटक करतात. त्या चार पैशांसाठी ग्राहक कायमचा जातो. वाट्या फुकट असतील तर तसं सांगा, पैसे असतील तर आधी सांगा. आणि मंद आचेवरचं जेवण गरम ठेवायचं असेल तर 60 अंश सेल्सिअसच्या वर ठेवा. कोमट ठेवलेलं जेवण बिघडतं.

गृहपाठ

आता लगेच मोरोक्कन हॉटेल काढायला निघू नका! टाइल्स नाही, पद्धत उचला. वही घ्या आणि लिहा: (1) ग्राहक बसल्यावर पाच मिनिटांत टेबलावर काय ठेवाल? (2) तुमचे फक्त 8 पदार्थ कोणते? (3) किती खुर्च्या, किती फेऱ्या, ताटामागे किती रुपये? (4) एक फेरी रिकामी गेली तर महिन्याचं भाडं निघतं का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं, तर दुकानाचं डिपॉझिट भरू नका. आधी आकडे बदला. कागदावर झालेला तोटा खिशातून जात नाही.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत शिकत राहा, हिशोब ठेवत राहा!