नट्टापट्टा

आज मी एका शब्दाची माहिती सांगतो.

'नट्टापट्टा' म्हणजे वेणी, पावडर, टिकली, गजरा, बांगड्या असा नटण्याथटण्याचा सगळा खटाटोप. 'नटणे' या क्रियापदाशी त्याचे नाते आहे. संस्कृतात 'नट्' हा धातू आहे. त्याचा अर्थ नाचणे, अभिनय करणे. नट, नटी, नाटक हे शब्द त्याच घरातले.

'नट्टापट्टा' हा घरात बोलायचा शब्द आहे. अर्जात तो शोभत नाही, कारण त्यात थोडी चेष्टा असते. पोळ्याला आपण सेमाडोहात बैलांची शिंगे रंगवतो, अंगावर झूल घालतो. तेव्हा 'बैल सजवला' म्हणतो, बैलाचा नट्टापट्टा केला असे कोणी म्हणत नाही. मुलगा अर्धा तास भांग पाडत बसला तर तो 'टापटीप'. मुलगी आरशासमोर उभी राहिली की लगेच 'नट्टापट्टा'!

स्नेहसंमेलनाच्या दिवशी मीच ताईला म्हटले, "काऊन वं ताई, येवढा नट्टापट्टा कायले?" तिने केसातली फुले काढून ठेवली अन् नाचात मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मला लय वाईट वाटले. आजी हाच शब्द म्हणते, "झाला का माह्या बाईचा नट्टापट्टा?" तेव्हा मात्र ताई हसते.

शब्द एकच. म्हणणारा माया करतो की चिडवतो, त्यावर त्याचा अर्थ ठरतो. म्हणून हा शब्द जपून वापरा. मीही वापरीन.