गोदामाने शिकविलेले धडे

मुकुटबन परिसरात सुट्टीत गोदामातील पोती वाहून शिक्षणाचा खर्च भागविणारे आमच्या पिढीत अनेक होते. त्या कामाने आम्हांस पहिला धडा दिला तो थप्पीचा : खालचा थर वाकडा बसला, की वरची रास कोसळते. विद्येचेही तसेच आहे. दुसरा धडा विश्वासाचा. पाठीवर पोते देणारे हात बेसावध असतील, तर बलवानाचीही कंबर मोडते.

तिसरा धडा इतिहासाने दिला : केवळ कष्टाने प्रतिष्ठा मिळत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना, 1946 साली, बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. परंतु मालक रोज बदलणारा हमाल अशा संरक्षणाबाहेरच राहिला. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडी संघटित झाले, तेव्हा 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी व रजेचा हक्क त्यातून आला.

हा हक्क नोंदणीने लाभतो. म्हणून ओझे वाहणाऱ्या आपल्या बांधवाचे नाव मंडळाच्या नोंदवहीत आहे काय, हे शिकलेल्या प्रत्येकाने विचारावे. शाळेने दिलेल्या अक्षरांचे ऋण असेच फिटेल.